निष्ठेची झडती आणि बनारसचे मैदान

18 जून 2017 या एकाच दिवशी लंडनमध्ये भारत आणि पाकिस्तान दोनदा समोरासमोर आले. ओव्हलवर क्रिकेटच्या चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना भारत 180 धावांनी हरला. त्याच शहरात वर्ल्ड लीगच्या सामन्यात भारतीय हॉकी संघाने पाकिस्तानला 7-1 असे धुऊन काढले. हॉकीचा विजय आज फारसा कुणाच्या लक्षात नाही. क्रिकेटचा पराभव मात्र पोलीस ठाण्यापर्यंत गेला. जळगावच्या रावेर तालुक्याची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातला बुऱ्हाणपूर जिल्हा लागतो. तिथल्या मोहद गावात पाकिस्तानच्या विजयाचा जल्लोष केला, या आरोपावरून 15 मुसलमान पुरुषांना अटक झाली आणि राजद्रोहाचे कलम लागले. ज्याच्या नावाने तक्रार नोंदवली गेली, त्यानेच आपण असे काही सांगितले नव्हते असे जाहीर केले. राजद्रोहाचे कलम काही दिवसांत काढावे लागले आणि 2023 मध्ये न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. मोहदमध्ये त्या रात्री हॉकीसाठी कुणी टाळ्या वाजवल्या का, हे विचारायचे मात्र कुणालाच सुचले नाही. निष्ठेची झडती घेणाऱ्यांना काय सापडले पाहिजे, हे बहुधा आधीच ठरलेले असते.

ही झडती पोलीसच घेतात असे नाही. मुसलमान समाज आणि खेळ या विषयावर गेल्या तीन-चार दशकांत विद्यापीठांतून जे लिहिले गेले, त्यातला बराचसा भाग दोन प्रश्नांभोवती फिरतो. पुरुष कोणत्या संघाला पाठिंबा देतात, हा पहिला. बायका काय घालून खेळतात, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला 1990 मध्ये ब्रिटनमधील हुजूर पक्षाचे नेते नॉर्मन टेबिट यांनी राजकीय धार दिली. स्थलांतरित आशियाई लोक क्रिकेटमध्ये कुणाच्या बाजूने ओरडतात यावर त्यांची निष्ठा मोजावी, असे त्यांचे म्हणणे. पुढे प्निना वर्बनर यांनी ब्रिटनमधील पाकिस्तानी तरुणांच्या क्रिकेटवेडाचा अभ्यास केला. जेम्स डॉर्सी यांनी मध्यपूर्वेतील फुटबॉलच्या प्रेक्षक-गॅलऱ्या अभ्यासल्या. कैरोच्या अल अहली क्लबचे कडवे पाठीराखे 2011 मध्ये तहरीर चौकात कसे उतरले, हे त्यामुळे जगाला नीट कळले. दुसऱ्या प्रश्नावर टॅन्सिन बेन, गेरट्रूड फिस्टर आणि हायफा जवाद यांनी संपादित केलेला मुसलमान स्त्रियांच्या खेळांवरचा ग्रंथ 2010 मध्ये आला. ही कामे मोलाची आहेत. पण दोन्ही प्रश्नांत उत्तर धर्मातच सापडेल असे गृहीत धरण्याचा धोका आहे. बनारसचा पुरावा वेगळीकडे बोट दाखवतो. खेळातली निष्ठा तयार होते ती आखाड्यात, वस्तादाच्या हाताखाली, वसतिगृहात, रेल्वेच्या नोकरीत आणि मोहल्ल्यात. ही दारे ज्याला उघडी असतात तो खेळतो आणि शहर त्याच्यामागे उभे राहते. ज्यांना ती बंद असतात, त्यांच्या निष्ठेची चर्चा करणे हा निव्वळ कांगावा आहे.

2011 च्या जनगणनेनुसार बनारस शहराच्या लोकसंख्येत मुसलमान सुमारे 29 टक्के आहेत आणि त्यांत मोठा वर्ग अन्सारी विणकरांचा. मदनपुरा, अलईपुरा, रेवडी तालाब, बजरडीहा ही त्यांची वस्ती. आपल्या मालेगाव-भिवंडीतील अनेक मोमीन घराण्यांचे पूर्वज 1857 नंतर पूर्व उत्तर प्रदेशातूनच इकडे आले, त्यामुळे हा समाज मराठी वाचकाला अगदी परका नाही. नीता कुमार यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला या विणकरांमध्ये, कासारांमध्ये आणि सुतारांमध्ये राहून अभ्यास केला. 1880 ते 1986 या काळातील बनारसी कारागिरांवरचा त्यांचा ग्रंथ 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत रसाळ भाग आहे तो कारागिरांच्या मोकळ्या वेळेचा. माग घरातच, त्यामुळे कधी काम थांबवायचे हे ज्याचे त्याच्या हाती. मग गंगेपलीकडे ‘बहरी अलंग’ला जायचे, म्हणजे शहराबाहेर मोकळ्यावर अंघोळ, व्यायाम, खाणेपिणे. संध्याकाळी आखाडा, वर्षातून एकदा दंगल, मोहरममध्ये लाठी-बाणा-पट्ट्याचे खेळ. हिंदू आणि मुसलमान कारागीर या मौजमस्तीच्या जीवनपद्धतीत इतके सारखे होते की स्वतःला आधी बनारसी म्हणवून घेण्याचा दोघांचाही हक्क वाटावा. शहराच्या नावावरचे हे प्रेम कुठल्याही फतव्याने दिले नव्हते आणि कुठल्याही भाषणाने आले नव्हते; ते रोजच्या सवयीतून मुरले होते.

या मातीतून 14 एप्रिल 1960 रोजी जन्मलेला मोहम्मद शाहिद आला. लखनौच्या क्रीडा वसतिगृहात त्याचा खेळ घडला, 1979 मध्ये तो ज्युनिअर विश्वचषकात उतरला आणि 1980 मध्ये कराचीच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत सर्वोत्तम आघाडीपटू ठरला. पाकिस्तानच्या भूमीवर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर! त्याच वर्षी 29 जुलैला मॉस्कोमध्ये भारताने स्पेनला 4-3 असे हरवून ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. चौथा गोल शाहिदचा होता. अनेक देशांच्या बहिष्कारामुळे त्या स्पर्धेत पाकिस्तानसह कित्येक बलाढ्य संघ नव्हते, हे खरे. पण त्यानंतर हॉकीत भारताला ऑलिंपिक सुवर्ण मिळालेले नाही, हेही तितकेच खरे. डाव्या बगलेत झफर इक्बाल आणि आत शाहिद, या जोडीने चेंडू काठीला चिकटवून प्रतिस्पर्ध्यांना ज्या प्रकारे नाचवले, त्यावर एक पिढी वेडी झाली. 1981 मध्ये पद्मश्री, पुढे भारताचे कर्णधारपद, 1984 आणि 1988 ची ऑलिंपिक. एवढे होऊनही शाहिदने बनारस सोडले नाही. डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यात क्रीडा अधिकारी म्हणून त्याने नोकरी केली आणि 20 जुलै 2016 रोजी तो गेला. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याच्या सोबत बनारसचाच विवेक सिंह होता आणि टोकियो व पॅरिसची कांस्यपदके आणणारा ललित उपाध्याय याच परंपरेतला. एक मुसलमान, एक ठाकूर, एक ब्राह्मण. बनारसच्या हॉकीवेड्याने यांच्यात निवड केल्याचे दिसत नाही. हॉकीच्या एका घराण्यातले तिघे म्हणूनच तो त्यांची नावे घेतो.

शाहिदच्या आयुष्यात असाही दिवस होता, जेव्हा शंका घ्यायला सगळे साहित्य हजर होते. 1 डिसेंबर 1982, दिल्ली, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. भारत 1-7 असा हरला. कर्णधार झफर इक्बाल, संघात शाहिद. आजच्या समाजमाध्यमांच्या कारखान्यात या दोन नावांचे काय झाले असते, याची कल्पना करायला फार श्रम पडत नाहीत. ऑक्टोबर 2021 मध्ये दुबईत पाकिस्तानकडून क्रिकेटचा सामना हरल्यावर मोहम्मद शमीला जे ऐकावे लागले, ते ताजेच आहे. पण 1982 मध्ये लोकांचा राग वळला गोलरक्षक मीररंजन नेगीकडे. पैसे खाल्ल्याचे बिनबुडाचे आरोप त्याने वर्षानुवर्षे सोसले. गोल झाले म्हणून गोलरक्षक दोषी, असा तो आंधळा पण धर्माशी संबंध नसलेला न्याय होता. पंचवीस वर्षांनी ‘चक दे! इंडिया’ हा चित्रपट आला, तेव्हा नेगीच्या वाट्याला आलेल्या वनवासाची आठवण करून देणाऱ्या त्या नायकाचे नाव कबीर खान झाले. चित्रपटाचा हेतू चांगला होता आणि तो उत्तमच वठला. तरी एवढे नोंदवले पाहिजे की 2007 च्या प्रेक्षकाला ‘गद्दार’ म्हणून संशय यायला मुसलमान नायक स्वाभाविक वाटला आणि 1982 च्या प्रेक्षकाला, प्रत्यक्ष मुसलमान कर्णधार समोर असताना, तो सुचला नव्हता. एवढ्या वर्षांत मुसलमानांची निष्ठा बदलली असे दाखवणारा पुरावा नाही. पाहणाऱ्याची नजर बदलल्याचा आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. शाहिद हा अपवाद, आणि बनारसची गंगा-जमनी तहजीब हा पर्यटनखात्याचा आवडता शब्द. 1977 आणि 1991 च्या दंगली याच शहरात झाल्या. आक्षेपात तथ्य आहे आणि त्याला सर्वांत चांगले उत्तर फिलिपा विल्यम्स यांच्या 2015 च्या पुस्तकात सापडते. 7 मार्च 2006 रोजी संकटमोचन मंदिरात आणि रेल्वे स्थानकात बॉम्बस्फोट झाले. संकटमोचनचे महंत वीरभद्र मिश्र आणि मुफ्ती अब्दुल बातिन नोमानी यांनी शहर शांत ठेवले. विल्यम्स यांनी या शांततेचे कौतुक करून विषय सोडून दिला नाही. ही शांतता रोज कष्टाने घडवावी लागते आणि त्या कष्टांचा भार दोन्ही बाजूंवर सारखा नसतो, हे त्यांनी दाखवले. आपण निष्ठावान आहोत हे पुन्हा पुन्हा सिद्ध करण्याचे ओझे मुसलमान विणकरावर जास्त पडते. म्हणजे सलोखा भाबडा नव्हे, तो कमावलेला आहे, आणि म्हणूनच तो मोडूही शकतो. शाहिदबद्दल म्हणाल तर प्रत्येक ऑलिंपिकपटू अपवादच असतो. प्रश्न असा की त्या अपवादाला वर यायला जिना होता की नाही. शाहिदसाठी सरकारी वसतिगृह होते, रेल्वे होती, शहरात हॉकी खेळणारे सवंगडी होते.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे, आणि तो टाळणारे उदारमतवादी लेखक मला पटत नाहीत. भारतात पाकिस्तानसाठी टाळ्या वाजवणारे मुसलमान खरोखर आहेत. सगळीच प्रकरणे मोहदसारखी खोटी नसतात. मार्च 2014 मध्ये मेरठच्या एका विद्यापीठाने साठाहून अधिक काश्मिरी विद्यार्थ्यांना याच कारणासाठी निलंबित केले होते. मान्य. पण टाळी हा कशाचा पुरावा आहे? 23 ऑक्टोबर 2022 रोजी मेलबर्नच्या मैदानावर भारत-पाकिस्तान सामन्याला 90,293 प्रेक्षक होते. त्यांतले कितीतरी ऑस्ट्रेलियाचे पासपोर्ट खिशात ठेवून ‘इंडिया, इंडिया’ ओरडत होते, आणि त्यांत पुण्या-ठाण्याची घरेही असणारच. त्यांना कुणी राजद्रोही म्हटले नाही, म्हणूही नये. उलट बाजूने पाहा. 31 जानेवारी 1999 रोजी चेन्नईत भारत 12 धावांनी हरला आणि चेपॉकचे प्रेक्षक उभे राहून पाकिस्तानी संघाला मानवंदना देत राहिले. त्याआधी 1991 मध्ये मुंबईत वानखेडेची खेळपट्टी उखडली गेली होती. दोन्ही शहरांतली बहुसंख्या एकाच धर्माची आहे. प्रेक्षकाचे वागणे धर्मावरून सांगता येत असते, तर या दोन दृश्यांची संगती लावणे कठीण आहे. टाळीत खेळाची कदर असते, घरची आठवण असते, कधी वर्चस्व गाजवणाऱ्या शेजाऱ्याला डिवचणेही असते. वर्बनर यांच्या ब्रिटिश पाकिस्तानी मुलांच्या बाबतीत क्रिकेट हे घरच्या वडीलधाऱ्यांच्या करड्या धार्मिकतेपासून मिळालेली मोकळीकही होते. कायद्याने शिक्षा द्यावी असे यात काही नाही.

आता बायका. इथे बनारसचा पुरावा स्वतःच्या विरोधातही साक्ष देतो. नीता कुमार यांनी रंगवलेली ती मौज, ती बहरी अलंग, पुरुषांची आहे. बाईला ना गंगेपलीकडे जायचे स्वातंत्र्य, ना काम थांबवायचे. विणकराचा माग घरात असल्यामुळे त्याला मोकळीक मिळाली. त्याच कारणामुळे बाईचे काम कधी संपले नाही. वासंती रामन यांनी बनारसच्या विणकरांमधील समाज आणि स्त्री-पुरुष संबंधांवर लिहिलेल्या पुस्तकात या श्रमांकडे लक्ष वेधले आहे. सूत उलगडणे, मालेगाव-इचलकरंजीत ज्याला कांड्या भरणे म्हणतात ते काम, साडीच्या मागचे लोंबते धागे कापणे, हे सगळे बायका-मुली करतात आणि ते मजुरीत धड मोजलेही जात नाही. खेळायला लागतो वेळ आणि लागते जागा, आणि दोन्ही आधीच खर्ची पडलेले असते. हे मुसलमान घरांपुरते आहे का? जोसेफ ऑल्टर यांनी 1987 मध्ये बनारसच्या अखाडा रामसिंहमध्ये राहून केलेला पैलवानांचा अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. तो आखाडा मुख्यतः यादव गवळ्यांचा, दैवत हनुमान, आणि शिस्तीचा पाया ब्रह्मचर्य. त्या विचारात बाई म्हणजे पैलवानाच्या शक्तीला धोका. म्हणजे मदनपुऱ्यात पडदा आणि आखाड्यात ब्रह्मचर्य, दोन वेगळ्या धर्मांची दोन वेगळी कारणे आणि निकाल एकच. अलीकडच्या काही वर्षांत नागपंचमीला तुळशीघाटावरच्या आखाड्यात मुली कुस्ती खेळू लागल्या. तुलसीदासांच्या नावाने चालणाऱ्या त्या जागी त्यांना यायला शतके लागली.

बनारसच्या शेजारच्या मिर्झापूरची हमीदा बानू मात्र थांबली नाही. अलीगढला सलाम पैलवानाच्या हाताखाली ती तयार झाली, आणि बायकांशी लढून समाधान होईना म्हणून पुरुषांना आव्हान देऊ लागली. फेब्रुवारी 1954 मध्ये तिने जाहीर केले की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. मे महिन्यात बडोद्यात बाबा पैलवान तिच्यासमोर उतरला आणि 1 मिनिट 34 सेकंदांत पाठीवर पडला. छोटा गामा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पैलवानाने आधीच माघार घेतली होती. तिचा दावा होता की आपण 320 कुस्त्या जिंकल्या आहेत. मुंबईत रशियाच्या वेरा चिस्टिलिनला तिने मिनिटभराच्या आत लोळवले. आणि मग आपला महाराष्ट्र. पुण्यात रामचंद्र साळुंके या पैलवानाशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात शोभासिंग पंजाबीला तिने हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तिने आपल्या कुस्त्यांवर अघोषित बंदी घातली जाते अशी तक्रार केली. उत्तर आले की कारण बाईपणाचे नाही. आयोजक तिच्यासमोर खोटे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत.

या घटनेवर जरा रेंगाळायला हवे, कारण ते कोल्हापूर होते. शाहू महाराजांनी उत्तरेकडच्या मुसलमान मल्लांना राजाश्रय दिला ते शहर. खासबागेत लाहोर-अमृतसरकडच्या पैलवानांवर जीव ओवाळून टाकला गेला. फाळणीनंतरही सादिक पंजाबीसारख्या पाकिस्तानी मल्लाला कोल्हापूरकरांनी आपला मानले, त्याच्या कुस्त्यांच्या आठवणी तिथल्या जाणत्यांच्या बैठकीत अजून निघतात. जो प्रेक्षक सीमेपलीकडच्या मुसलमानाला खांद्यावर घेऊ शकत होता, तोच याच देशातल्या मुसलमान बाईला दगड मारत होता. आणि तिने ज्याला हरवले होते तो कोल्हापूरचा गडीही नव्हता. त्या फडावर धर्म आणि देश दोन्ही गौण ठरले होते. खटकली ती पुरुषाला चीत करणारी बाई. संशोधकांनी निष्ठा आणि स्त्री हे दोन विषय स्वतंत्र प्रकरणांत ठेवले, म्हणून हा प्रसंग त्यांच्या चौकटीत कुठेच बसत नाही. रणजय सेन यांच्या 2015 च्या भारतीय क्रीडा-इतिहासात हमीदा आहे, पण तिच्यावर मोठा अभ्यास व्हायचाच राहिला आहे.

तिसरा आक्षेप असा येईल की धर्माला इतके सहज सोडून देऊ नये. सोडत नाही. 2005 मध्ये सानिया मिर्झाच्या स्कर्टवर मौलवींनी आक्षेप घेतला होता. इराणमध्ये इस्लामी क्रांतीनंतर फुटबॉलच्या मैदानात बायकांना प्रवेश नव्हता. सामना पाहायला पुरुषाच्या वेषात गेलेली सहर खोदायारी तुरुंगवासाच्या भीतीने स्वतःला जाळून घेऊन सप्टेंबर 2019 मध्ये मरण पावली. हा जाच धर्माच्या नावानेच झाला. पण पुढे काय झाले तेही सांगावे लागेल. जागतिक फुटबॉल संघटनेने दबाव आणल्यावर 10 ऑक्टोबर 2019 रोजी तेहरानच्या आझादी मैदानात इराणी बायकांनी तिकिटे काढून कंबोडियाविरुद्धचा सामना पाहिला. महिनाभरात कुणाचाही धर्म बदलला नव्हता. फाटक उघडले होते. मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल 1984 मध्ये आणि अल्जीरियाची हसिबा बुलमर्का 1992 मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन आली, तेव्हाही तेथील धर्म तोच होता. धर्म अडसर घालू शकतो, पण तो अडसर किती पक्का राहील हे सरकार, संघटना आणि पैसा ठरवतात. डोके झाकून खेळायला 2014 पर्यंत मज्जाव करणारी हीच फुटबॉल संघटना होती, हेही विसरू नये. पडदानशीन मुलीला घरातले अडवत होते आणि मैदानावर नियमवाले.

फाटक उघडल्यावर काय होते याचे उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या मुंब्र्यात आहे. मुंबईतील 1992-93 च्या दंगलींनंतर मुसलमान कुटुंबे लोटत गेलेली ही वस्ती. तिथे 2012 च्या सुमारास ‘परचम’ या गटाने मुलींचे फुटबॉल सुरू केले. मुलींनी सह्या गोळा केल्या, मैदानाची मागणी लावून धरली, इतर धर्मांच्या मुलींना खेळायला बोलावले. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या सार्वजनिक जागांवर 2011 मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यातला मुद्दा हाच होता: बाईला सुरक्षेच्या नावाखाली संरक्षण देऊ नका, विनाकारण बाहेर असण्याचा हक्क द्या. बनारसमध्येही अशी फाटके उघडली आहेत, पण अर्धवट. याच शहराने बास्केटबॉलच्या सिंह भगिनी दिल्या. त्यांतल्या प्रशांतीला 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. वाराणसी जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या पूनम यादवने 2018 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनाचे सुवर्ण जिंकले. महाविद्यालय, प्रशिक्षक आणि रेल्वे किंवा पोलिसांतली नोकरी ही साखळी जुळली की शहरातली मुलगीही भारतीय संघात जाते. ती साखळी बजरडीह्याच्या गल्लीपर्यंत ओढायची जबाबदारी मौलवीची नाही, क्रीडा खात्याची आहे.

हमीदा बानू पुढे कल्याणला राहिली, दूध विकून पोट भरले आणि 1986 मध्ये वारली. 4 मे 2024 रोजी गूगलने तिचे चित्र मुखपृष्ठावर लावले, तेव्हा बहुतेक मराठी वाचकांनी तिचे नाव पहिल्यांदा ऐकले असेल. तिच्या पुण्या-कोल्हापुरातल्या कुस्त्यांचे वृत्तांत त्या काळच्या मराठी दैनिकांत असणारच. कुस्ती संघटनेच्या जुन्या इतिवृत्तांत विरोधाची कारणेही नोंदलेली असतील. त्या फडावर हजर असलेले कुणी अजून हयात असतील तर नव्वदीच्या आसपास असतील. ज्या वाचकांच्या घरी जुन्या फायली आहेत, किंवा ज्यांचे आजोबा तालमीत होते, त्यांनी हे कागद आणि या आठवणी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापर्यंत किंवा एखाद्या अभ्यासकापर्यंत यंदाच पोहोचवाव्यात.